विसर्जनाचं पाणी कोणत्या वर्गात

रोज सकाळी गुणाजी राऊळ फ्लशचं बटण दाबायचे आणि बाहेर न येता तिथंच उभे राहायचे. हात पाठीमागे बांधून, किंचित वाकून, भांड्यातलं पाणी निवळेपर्यंत बघायचे. आरती संपल्यावर माणूस गाभाऱ्याकडे क्षणभर बघत राहतो, तसे. मग दाराबाहेरून प्रेमाचा आवाज यायचा, "झाला काय दर्शन? भायर येवा आता. दुसऱ्याकय पोट आसा."

ते बाहेर येऊन हात धुवायचे आणि बातमी द्यायचे. "आज बरं आहे. किंचित पिवळं." किंवा, "आज कोऱ्या चहासारखं दिसतंय. खाली काहीतरी बिघडलंय." चहा घेत बसलेली प्रेमा कप खाली ठेवायची. संसारात तिने त्यांना तंबाखू सोडायला लावली होती, मोठ्याने घोरणं निम्म्यावर आणलं होतं, पण ही बातमी काही बंद करता आली नव्हती.

त्यांचं बघणं अगदीच विनाकारण नव्हतं म्हणा. मुलुंड पूर्वेची त्यांची जुनी इमारत पाडून तिथं टॉवर उभा राहिला, त्याला बिल्डरने 'सागरदीप' नाव दिलं. समुद्र कुठल्याच खिडकीतून दिसत नाही. वारा पडला की खाडीचा वास मात्र सतराव्या मजल्यापर्यंत चढून येतो. टॉवरबरोबर लिफ्ट आल्या, पार्किंगच्या छतावर, म्हणजे पोडियमवर, बाग आली आणि तळघरात एसटीपी, म्हणजे सांडपाण्याचा प्लांट, आला. घराघरांतलं सांडपाणी खाली जायचं, तिथल्या टाक्यांमध्ये घुसळून, गाळून, क्लोरीन घालून साफ व्हायचं आणि वेगळ्या पाइपातून फ्लशला आणि बागेला परत यायचं. आपण सोडलेलंच फिरून वर येतं, हे कळल्यावर प्रेमा काही दिवस बाथरूममध्ये शिरताना देवाचं नाव घ्यायची. गुणाजींनी मात्र त्या पाण्याला नजरकैदेत ठेवलं.

त्यांची सगळी नोकरी विमा कंपनीच्या क्लेम विभागात गेली होती. आग, चोरी, पूर, भिजलेला माल, पडलेली भिंत. दुसऱ्यांची संकटं वाचून वाचून त्यांची नजरच तशी झाली होती. नारळाच्या झाडाखालून ते जात नसत. जुहूला पाणीपुरी खायची तर आधी पाणीपुरीवाल्याची नखं बघत. लग्नाच्या हॉलमध्ये शिरले की नवरीच्या आधी मागचा दरवाजा शोधत. स्वतःच्या लग्नात अंतरपाट खाली आला तेव्हा त्यांनी पहिलं वाक्य काय उच्चारलं, तर, "मांडवाच्या वायरी कोणी तपासल्या आहेत का?" प्रेमा हे आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. "माका वाटला, माझा नाव इचारतत!"

तर अशा माणसाच्या हाती एक दिवस सोसायटीनं पाणीच दिलं.

झालं असं की, ट्रीटेड पाण्याच्या वापराबद्दलच्या नव्या नियमांचा एक मसुदा सोसायटीकडे आला. कमिटीच्या बैठकीत चेअरमन राजेश कोचरेकर यांनी तो उघडला, दोन पानं उलटली आणि कपाळाला हात लावला. राजेश चाळिशीतला, घाईतला, सगळ्या प्रश्नांची उत्तरं मोबाइलवर अंगठ्याने देणारा माणूस.

"ह्याच्यात पानापानावर रिस्क लिहिलंय, यार," तो म्हणाला. "रिस्कचं मूल्यमापन, रिस्कचं वर्गीकरण, रिस्कचं व्यवस्थापन. हे कोण करणार?"

सेक्रेटरी शर्मिष्ठा म्हणाली, "राऊळ काका इन्शुरन्समध्ये होते ना?"

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. गुणाजींनी आगीचा विमा पाहिला होता, गटाराचा नाही, हा बारीकसा फरक कोणाच्या लक्षात आला नाही. गुणाजींच्या आला होता. पण निवृत्तीनंतर त्यांना कोणी कशासाठी बोलावलं नव्हतं, आणि 'रिस्क' हा शब्द कानावर पडताच त्यांच्या पाठीचा कणा आपोआप सरळ झाला होता.

त्यांना मदत होती प्रांजलची. प्लांटची देखभाल करणाऱ्या कंपनीतली ही तरुण इंजिनिअर चारकोपहून स्कूटरवर यायची, तळघरात उतरायची, बाटल्या भरायची, आकडे टिपायची आणि वर येऊन राऊळांकडे चहा प्यायची. मसुदा तिनेच त्यांना समजावला.

"काका, आधीचे नियम पाण्यालाच विचारायचे, तू स्वच्छ किती? हे नवे नियम पुढचं विचारतात. तुझ्याजवळ कोण येणार? किती जवळ येणार? पोटात गेलंस तर काय होणार? म्हणजे एकच पाणी फ्लशला चालेल, पण कारंज्याला नाही चालणार. कारंज्याचे तुषार नाकातोंडात जातात ना."

"म्हणजे गोदाम कापसाचं की लोखंडाचं, तसा हप्ता," गुणाजी म्हणाले.

"हो. साधारण तसंच."

"मग सरळ सांगायचं ना, पॉलिसी आहे म्हणून!"

त्यांनी आठवडाभर बसून तक्ता केला आणि लिफ्टशेजारी लावला. वर्ग तीन. सरकारी शब्द लोकांना कळणार नाहीत म्हणून त्यांनी स्वतःची नावं दिली: 'लांबून', 'जवळून' आणि 'तोंडापर्यंत'. फ्लश 'लांबून'मध्ये गेला. बाग 'जवळून'मध्ये गेली, म्हणून पाइपने फवारा मारणं बंद, मुलं घरी गेल्यावरच पाणी, आणि शेजारी पाटी. तिसऱ्या वर्गाला ट्रीटेड पाणी साफ मना. त्या वर्गात शर्मिष्ठाच्या पोडियमवरच्या कढीपत्त्याच्या कुंड्या सापडल्या.

"काका, कढीपत्ता तोंडात राहतो का कधी?" शर्मिष्ठा उसळली. "काढून ताटाच्या कडेलाच ठेवतो की आपण!"

"चोखून ठेवतो," गुणाजी गंभीरपणे म्हणाले.

कुंड्या हलल्या. त्यांना नळाचं पाणी मिळू लागलं. गाड्या धुणं गुणाजींनी 'जवळून'मध्ये लिहिलं होतं, बादली-फडकं वापरून, हातमोजे घालून, ट्रीटेड पाण्याने. ती ओळ मात्र गाडीवाल्यांनी पहिल्याच दिवशी पेनाने खोडली. "गाडीला संडासाचं पाणी? वाट लागेल रंगाची," राजेश म्हणाला. त्याची नवी पांढरी गाडी तेव्हा महिन्याचीही नव्हती. त्यामुळे गाड्या रोज सकाळी नळाच्या पाण्याने आंघोळ करत राहिल्या, आणि गुणाजींनी तो विषय सोडून दिला.

पाऊस त्या वर्षी तलावांवर रुसला. ऑगस्टमध्ये पाणीकपात लागली, टँकरवाले फोन उचलेनासे झाले, आणि गणपती तोंडावर आले.

राऊळांचा गणपती पाच दिवसांचा. गुणाजींचे वडील गिरणीत होते तेव्हा चाळीतल्या खोलीत बसायचा, तिथून तो मुलुंडला आला. शाडूची हातभर मूर्ती. विसर्जनाला तलावावर चालत जायचं, आणि पाण्याच्या काठापर्यंत प्रेमा बरोबर. पण मागच्या वर्षी तिचा गुडघा इतका धरला की तिला घरीच थांबावं लागलं. ती गॅलरीत उभी राहिली. मिरवणूक गल्लीच्या टोकाला दिसेनाशी झाली तरी उभी होती. गुणाजी परत आले तेव्हा ती त्यांच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "घरातला माणूस गावाक निघाला तर स्टँडापर्यंत पोचवक जातो ना आपण? मगे? वरसून माका काय दिसला? ताशे, आणि तुमचा टक्कल."

यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. वॉकर घेऊन ती घरात फिरायची. पण तलावाच्या पायऱ्या आणि गर्दी डॉक्टरांनी मना केली होती. एकच मार्ग होता: पोडियमवर सोसायटीचा स्वतःचा हौद. लिफ्टने उतरलं की समोर. मागच्या वर्षीचे गणपती झाल्यावर तसा ठराव झाला होता. फायबरची मोठी टाकी आणून उभीही केली होती. तिच्यात घालायला पाणी तेवढं नव्हतं.

बैठकीत राजेशने प्रश्न दोन वाक्यांत मिटवला. "प्यायला पाणी नाही तर हौदात कुठलं घालणार? ट्रीटेड भरा, नाहीतर हौद कॅन्सल. काका, तुमचा डिपार्टमेंट, तुम्हीच ठरवा."

सगळ्यांनी गुणाजींकडे पाहिलं. गुणाजींनी स्वतःच्या तक्त्याकडे पाहिलं. त्यात फ्लश होता, बाग होती, जिना पुसणं होतं, कढीपत्ता होता. गणपती नव्हता.

घरी आले तर प्रेमा दारातच खुर्ची टाकून बसली होती. शर्मिष्ठाने फोन करून आधीच कळवलं होतं.

"काय ठरवलास?"

"ठरवायचंय अजून."

"ठरवायचा काय त्यात? देवाक तुमी संडासाच्या पाण्यात सोडतलास?"

"तसं नाही गं. ते साफ केलेलं असतं. प्रांजल रोज बघते."

"मग पिया बघू पेलाभर."

गुणाजी चपला काढायला वाकले. मग ती हळू आवाजात म्हणाली, "आणि तेच्यात नाय सोडलास, तर मी पुन्ना गॅलरीत. बरोबर ना?"

त्या रात्री गुणाजींना जेवण गेलं नाही. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याच्या जोखमीवर शिक्का मारला होता. आता दोन्ही बाजूंचा अर्जदार एकच होता आणि तो आतल्या खोलीत गुडघ्याला शेक घेत होता.

सकाळी त्यांना युक्ती सुचली, तीही नेहमीच्याच जागी, पाणी निवळताना. नियम काय म्हणतो? माणूस किती जवळ येतो ते बघा. मग माणसाला जवळ येऊच दिलं नाही तर? हौदाभोवती दोरी बांधायची. आत एकच माणूस जाईल, गमबूट आणि हातमोजे घालून. तो सगळ्यांचे गणपती सोडेल. बाकीचे दोरीबाहेरून हात जोडतील. प्रेमा दोरीला लागून खुर्चीवर. पाणी ट्रीटेड, वर्ग 'लांबून'. दोन्ही डगरींवर पाय ठेवूनही न पडण्याचा हा आयुष्यातला पहिलाच प्रसंग, असं त्यांना वाटलं.

प्रांजलने ऐकून घेतलं. "कागदावर बसतंय, काका. पण लोक लांब राहतील?"

"राहतील. मी सूचना लावतो."

"सूचना वाचायला हातांना डोळे नसतात. एकदा तालीम करून बघूया का? हौदात थोडंच पाणी घालू."

रविवारी सकाळी तालीम ठरली. गणपतीच्या जागी पाटावर एक नारळ ठेवला. शेंडीवर कोणीतरी जास्वंदीचं फूल खोचलं, आणि तिथूनच प्रकरण हाताबाहेर जायला लागलं. राजेशने आणलेल्या ढोलावर थाप पडताच मंडळी विसरली की तालीम आहे. "गणपती बाप्पा" असा आवाज उठला, आणि लिफ्टमधून उतरणाऱ्या कुरिअरवाल्यानेसुद्धा "मोरया" म्हणून नारळाला नमस्कार केला. प्रेमा खुर्चीवर बसून सगळं बघत होती. गुणाजी पांढऱ्या लेंग्यावर काळे गमबूट घालून दोरीच्या आत शिरले. कोपरापर्यंत नारिंगी हातमोजे. एखादा मोठा सर्जन मासळी बाजारात यावा, तसे दिसत होते.

त्यांनी पाट उचलला. नारळ घरंगळला. मोज्यांमध्ये काही पकड येईना, म्हणून त्यांनी उजवा मोजा काढून काखेत धरला आणि नारळ अलगद पाण्यात सोडला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा खाली नेऊन वर. सगळं अगदी रीतसर झालं. दोरीबाहेर एकही माणूस हलला नाही.

आणि मग गुणाजी वाकले, उघड्या हातात पाणी घेतलं, दोन्ही डोळ्यांना लावलं, कपाळाला लावलं, आणि उरलेलं मागे वळून भक्तिभावाने सगळ्यांच्या अंगावर शिंपडलं.

ढोल थांबला.

"काका," प्रांजल अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "साबण आणलाय मी. या इकडे."

कोणीच हसलं नाही. एवढी शांतता सोसायटीच्या कुठल्याही बैठकीत कधी झाली नव्हती. मग प्रेमाच्या खुर्चीतून एक बारीक आवाज आला. ती पदर तोंडावर धरून थरथरत होती. पाहता पाहता तो थरथराट सगळ्या पोडियमवर पसरला आणि माणसं हसून हसून कठड्याला टेकली. प्रांजल चेहऱ्यांवरचे थेंब पुसायला टिश्यू वाटत फिरत होती. त्या गडबडीत राजेशने हौदातला नारळ बाहेर काढला आणि विचारलं, "फोडायचा ना? प्रसादाला?"

"नाही!" गुणाजी आणि प्रांजल एकदम ओरडले.

दुपारी गुणाजी जेवून पडले, पण डोळा लागला नाही. त्यांना लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त आश्चर्य. नियम त्यांचा, दोरी त्यांची, सूचना त्यांच्या अक्षरात. तरी हात गेला. तो जाणारच होता. ज्या पाण्यात देव सोडला त्या पाण्याला शिवायचं नाही, हे सांगणारा वर्ग कोणत्याही तक्त्यात बसत नव्हता. माणूस लांब राहणार नसेल, तर पाणीच जवळ येण्याच्या लायकीचं हवं. त्यांनी उठून लिफ्टशेजारच्या तक्त्यात स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: 'विसर्जन – तोंडापर्यंत.'

म्हणजे ट्रीटेड पाणी नाही. म्हणजे नळाचं. आणि नळाला पाणी नाही. पेनाचं टोपण लावता लावता त्यांची नजर वरच्या एका खोडलेल्या ओळीवर गेली. 'गाड्या.'

ते तडक राजेशकडे गेले.

"राजेश, गाड्या धुवायचं पाणी मला दे. विसर्जनापर्यंत. तुमच्या गाड्या ट्रीटेडवर धुवा."

"काका, सकाळीच तुमचं काय झालं बघितलं ना सगळ्यांनी? आणि त्याच पाण्यात मी गाडी धुऊ?"

"तुझी गाडी पाणी डोळ्यांना लावते का?"

"डाग पडतात हो! पांढरे डाग. प्रांजलला विचारा."

प्रांजलला फोन लावला. ती खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती. "पडू शकतात. क्षार असतात त्यात. पाणी वाळायच्या आत कोरड्या फडक्याने पुसलं तर नाही पडणार. धुणाऱ्याने मोजे घालायचे, बाकी काही नाही."

"बघा!" राजेश म्हणाला. "धुणारा एकटा आहे. प्रत्येक गाडी लगेच पुसणार कोण?"

गुणाजी म्हणाले, "मी."

राजेश हसला. मग त्याच्या लक्षात आलं की काका हसत नाहीयेत.

"तुम्ही माझी गाडी पुसणार? बरं दिसतं का ते, काका?"

"दिसायचं काय त्यात? सगळ्यांच्याच पुसणार. डाग राहिला तर मला दाखव. मी क्लेम नाकारणार नाही."

"पण एवढं कशासाठी? तलाव आहे ना. तुमचा गणपती आम्ही पोरं घेऊन जातो."

गुणाजींनी हातातलं पेन खिशाला लावलं. मग म्हणाले, "हिला काठापर्यंत यायचंय रे. तलावावर तिला तिथवर जाता येत नाही."

राजेशने मोबाइल खिशात टाकला. तो कोणाशी बोलताना असं करत नसे. "माझी शेवटी पुसा," तो म्हणाला. "तोपर्यंत हात बसलेला असेल."

त्यानंतर रोज सकाळी फ्लशची पाहणी आटोपली की गुणाजी फडकं खांद्यावर टाकून पार्किंगमध्ये उतरायचे. गाडी धुणारा पुढे, हे मागे. काच, दार, बोनेट, आरसा. एका गाडीत मागच्या सीटवर उघडं डिझेलचं कॅन दिसलं तर मालकाला भाषण. दुसरीचे टायर गुळगुळीत दिसले तर भाषण. लोक चुकवून लवकर कामावर जाऊ लागले. राजेशच्या गाडीवर एकदा टिकलीएवढा डाग राहिला, तर गुणाजींनी तो चष्मा लावून, थुंकी न लावता, लिंबाच्या फोडीने काढला. इकडे वाचलेलं नळाचं पाणी हौदात चढत होतं, आणि डास होऊ नयेत म्हणून त्यावर प्रेमाची जुनी मच्छरदाणी ताणलेली होती.

पाचव्या दिवशी संध्याकाळी राऊळांचा गणपती निघाला. प्रेमाने त्याच्या हातावर दही ठेवलं. वॉकर पुढे टाकत ती लिफ्टपर्यंत गेली, लिफ्टमधून पोडियमवर, आणि मग तशीच, घाई न करता, ओट्याची एक पायरी चढून हौदाच्या कडेपर्यंत. दोरी नव्हती. हौदात आकाशाचा उरलेला उजेड होता, आणि तळाशी दीड दिवसांच्या गणपतींचा शाडू बसून राहिलेला दिसत होता.

गुणाजी मूर्ती घेऊन वाकले. मूर्ती पाण्याला टेकली तशी प्रेमाने एका हाताने वॉकर सोडला आणि मूर्तीच्या पाठीला हात लावला. मूर्ती गेली तरी तिने हात बाहेर काढला नाही. बुडबुडे येत राहिले, मग थांबले. तिने ओला तळवा डोळ्यांना लावला. मग गुणाजींच्या डोळ्यांना लावला, आणि मागे उभ्या राहिलेल्या प्रांजलच्या कपाळालाही.

"पोचलो बाप्पा," ती म्हणाली.

"काका," राजेशने मागून विचारलं, "उद्या हे पाणी कोणत्या वर्गात जाणार?"

"उद्या बघू," गुणाजी म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून सोसायटीने पहिल्यांदाच ऐकलं.

आरती झाली, खिरापत वाटली, माणसं पांगली. प्रेमाला हौदापाशी थोडं बसायचं होतं, म्हणून ती बसली. अंधार पडल्यावर गुणाजींनी वॉकर तिच्यासमोर आणून ठेवला, तिच्या कोपराला हात दिला, आणि ओट्याच्या कडेपाशी थांबून म्हणाले, "सावकाश. उतरताना दुखरा पाय आधी."